नॉब फिरवला आणि आवाज गेला

प्रश्न : लहानपणापासून मी कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे सुरांची ओळख बऱ्यापैकी आहे. गेली दोन वर्षे संगणकावर संगीत तयार करण्याचा प्रयत्न करतो आहे. माझ्याकडे सात सॉफ्टवेअर सिंथेसायझर (संगणकावर आवाज घडवणारी वाद्ये) आणि काही हजार प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, जमले आहेत, पण हवा तो आवाज शोधण्यातच सगळा वेळ जातो. शिकवण्याचे व्हिडिओ पाहताना सगळे समजते; स्वतः नॉब फिरवायला गेलो की आवाज बिघडतो, नाहीतर पूर्णपणे नाहीसाच होतो. माझ्या मनात एक आवाज आहे : बंद दाराआडून यावा तसा सुरू होणारा, हळूहळू उघडत जाणारा, जाड आणि शेवटी थरथरणारा. तो कोणत्याही प्रीसेटमध्ये मिळाला नाही. हे शिकण्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित यावे लागते का? प्रत्यक्ष वाद्य विकत घ्यावे का? आणि तयार प्रीसेट वापरणे ही लबाडी ठरते का?

उत्तर : तुमचे तीनही प्रश्न रास्त आहेत, पण माझे लक्ष वेधून घेतले ते त्यांच्या आधी तुम्ही केलेल्या वर्णनाने. त्या एका वाक्यात तुम्ही आवाजाची सुरुवात, त्याची बदलत जाणारी धार, त्याची जाडी आणि त्यातली हालचाल या चार गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या आहेत. ध्वनिरचनेचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास साउंड डिझाइन म्हणतो त्याचे, निम्मे काम हेच असते आणि ते तुम्हाला येते. यातली कोणती गोष्ट यंत्राच्या कोणत्या भागाकडे मागायची, एवढेच शिकायचे राहिले आहे. प्रीसेट चाळून ते कळत नाही, कारण प्रीसेटमध्ये तयार परिणाम हाती येतो. तिथवर पोहोचण्याचा क्रम त्यात दिसत नाही.

आवाज नाहीसा होण्यापासूनच सुरुवात करू, कारण त्या एका तक्रारीत यंत्राची सगळी रचना दडलेली आहे. मी स्वतः शिकत असताना एक आख्खी संध्याकाळ केबल बदलण्यात आणि संगणक पुन्हा पुन्हा सुरू करण्यात घालवली होती; बिघाड कुठेच नव्हता, फिल्टरचा कटऑफ, म्हणजे तो जिथून कापायला लागतो ती मर्यादा, तेवढी तळाला गेली होती. संगीतशास्त्राच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. नेहमीच्या वजाबाकी पद्धतीच्या सिंथेसायझरची मांडणी जवळजवळ याच तीन गुणांवर झालेली आहे. ऑसिलेटर तरंग निर्माण करतो आणि स्वराची उंची ठरवतो. फिल्टर त्या तरंगातला काही भाग कापून जात बदलतो. ॲम्प्लिफायर लहानमोठेपणा सांभाळतो. आवाज या तीन खोल्यांतून याच क्रमाने जातो आणि वाटेतले एक दार जरी बंद असले तरी बाहेर काही येत नाही.

त्यामुळे यापुढे आवाज गेला की प्रीसेट बदलू नका, दारे तपासा. आधी फिल्टर पूर्ण उघडा. मग ॲम्प्लिफायरच्या एन्व्हलपमध्ये, म्हणजे वेळेनुसार पातळी कशी बदलावी हे ठरवणाऱ्या भागात, अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्यावर आणि सस्टेन (बोट असेपर्यंतची पातळी) पूर्ण वर न्या, म्हणजे कीबोर्डची की दाबताच आवाज येईल आणि बोट उचलेपर्यंत टिकेल. तरीही शांतता असेल, तर ऑसिलेटरची पातळी खाली गेलेली असते. बहुतेक वेळा दोष पहिल्या दोन ठिकाणी सापडतो : एकतर कटऑफ वाजवलेल्या स्वराच्याही खाली असतो, किंवा अटॅक पाच-सहा सेकंदांचा ठेवून आपण अर्ध्या सेकंदात बोट उचललेले असते.

या तीन खोल्यांचे उत्तम प्रात्यक्षिक तुमच्या गळ्यात आहे. सोयीच्या एका स्वरावर ओठ मिटून 'म्' धरा आणि श्वास न तोडता, स्वर न हलवता, अगदी सावकाश 'आ' पर्यंत तोंड उघडा. स्वरतंतू तोच स्वर देत आहेत आणि श्वासाचा जोरही तोच आहे. बदलतो आहे तो फक्त वरचा पोकळ भाग, आणि तेवढ्याने बंद आवाज उघडा झाला. लो-पास फिल्टरचा, म्हणजे खालची कंपने जाऊ देऊन वरची कापणाऱ्या फिल्टरचा, कटऑफ वर नेल्यावर कानाला जे जाणवते ते याच्या अगदी जवळचे असते. आता 'ऊ' वरून 'ई' वर सरका. या वेळी आवाज केवळ उघडला नाही, त्याचा जोर निराळ्या ठिकाणी गेला. एका अरुंद पट्ट्यावर भर देणारा रेझोनन्सचा नॉब आणि मधला पट्टा तेवढा जाऊ देणारा बँड-पास फिल्टर यांचे काम समजायला एवढा अनुभव पुरेसा आहे. हे दोन-चार वेळा मोठ्याने करून पाहा, घरातल्यांना काय वाटायचे ते वाटू द्या.

फिल्टर नेमके काय कापतो हे कळायला थोडे आकडे लागतात. 110 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 110 कंपनांचा, स्वर सॉ तरंगावर, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या दिसणाऱ्या तरंगावर वाजवला, तर त्यात 110 बरोबरच 220, 330, 440, 550 असे त्याच्या पटीतले सगळे उपस्वर असतात आणि ते क्रमाने क्षीण होत जातात : दुसरा निम्मा, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक चतुर्थांश. स्क्वेअर तरंगात फक्त विषम पटीतले उपस्वर असतात, म्हणजे 110, 330, 550; मधल्या जागा रिकाम्या राहिल्यामुळे तो पोकळ, लाकडी नळीतून आल्यासारखा वाटतो. त्रिकोणी तरंगातही विषमच असतात, पण ते फार लवकर विरतात, म्हणून तो मऊ लागतो. साइन तरंगात मूळ स्वराखेरीज काहीच नसते, त्यामुळे त्याच्यावर फिल्टर कितीही फिरवला तरी जात बदलत नाही. कापायलाच काही नाही. साइन घेऊन फिल्टर शिकायला बसलेले आणि यंत्राला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत.

आता तोच 110 हर्ट्झचा सॉ घ्या आणि लो-पास फिल्टरचा कटऑफ 500 हर्ट्झवर ठेवा. पहिले चार उपस्वर सुखरूप जातील आणि पाचव्यापासून घट सुरू होईल. ही घट किती तीव्र हे फिल्टरच्या उतारावर अवलंबून असते : 12 डेसिबेलच्या उतारात दर सप्तकाला आवाजाची मात्रा साधारण एक चतुर्थांश होत जाते, 24 डेसिबेलच्या उतारात ती सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून पहिल्यात थोडी हवा शिल्लक राहते आणि दुसऱ्यात आवाज घट्ट आवळल्यासारखा होतो. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. कटऑफ 500 वरच ठेवून तुम्ही तीन सप्तके वर गेलात, तर मूळ स्वर 880 हर्ट्झ होतो आणि तोच कापला जातो. खाली सुंदर वाटणारा पॅच, म्हणजे नॉबांच्या जुळणीतून घडवलेला आवाज, वर गेल्यावर मरतो तो यामुळे. त्यावर उपाय म्हणून बहुतेक सिंथेसायझरवर की-ट्रॅकिंग असते. ते वाढवले की कटऑफ स्वराबरोबर वर सरकतो.

एन्व्हलपकडे मात्र बहुतेक शिकाऊ लोक फार घाईने पाहतात, आणि माझ्या मते आवाजाची ओळख सर्वाधिक तिथेच ठरते. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी 1948 मध्ये पॅरिसमध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातला सुरुवातीचा ठोका काढून टाकला, तेव्हा उरलेला नाद त्यांना घंटेचा न वाटता ओबो या फुंकवाद्यासारखा वाटला. आपला कान आवाजाची जात त्याच्या जन्माच्या क्षणी ओळखतो. म्हणून अटॅकमधला 5 मिलिसेकंद आणि 80 मिलिसेकंद यांतला फरक आकड्यात क्षुल्लक दिसला, तरी कानाला तो छेडलेली तार आणि फुंकलेली बासरी यांच्यातल्या फरकाइतका मोठा असतो. अटॅक, डिके (शिखरावरून सस्टेनपर्यंत उतरणे), सस्टेन आणि रिलीज (बोट उचलल्यावर विरणे) या चौघांपैकी तीन वेळ सांगतात आणि सस्टेन पातळी सांगतो, हे सुरुवातीलाच पक्के करा. सस्टेन वाढवल्याने आवाज अधिक वेळ टिकतो असा समज फार पसरलेला आहे. आवाज तुमचे बोट असेपर्यंतच टिकतो, तो कोणत्या पातळीवर टिकावा एवढेच सस्टेन ठरवतो. सस्टेन शून्यावर आणि डिके 300 मिलिसेकंदांवर ठेवला, तर बोट कितीही वेळ दाबून ठेवले तरी छेडलेल्या तारेसारखा आवाज उमटून विरून जाईल.

हाच एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला जोडता येतो, आणि तिथे यंत्र खऱ्या अर्थाने जिवंत होते. जोरात छेडलेली तार केवळ मोठी वाजत नाही, ती अधिक तेजस्वीही वाजते, आणि विरताना तिचे वरचे उपस्वर आधी जातात. त्यामुळे व्हेलॉसिटी, म्हणजे कीबोर्डची की किती जोराने दाबली त्याची नोंद, फक्त आवाजाच्या पातळीला न जोडता थोडी कटऑफलाही जोडावी. तुम्ही कीबोर्ड वाजवता, तेव्हा हा फरक बोटांना लगेच जाणवेल.

एलएफओबद्दल थोडक्यात सांगतो. तो कानाला ऐकू न येणारा संथ ऑसिलेटर असतो. तो स्वराच्या उंचीला जोडला तर कंप मिळतो, ॲम्प्लिफायरला जोडला तर आवाज कमीजास्त होतो आणि कटऑफला जोडला तर जात हेलकावे खाते. सुरेल कंपासाठी सेकंदाला पाच-सहा आवर्तने पुरतात. वेग 20 हर्ट्झच्या पुढे गेला की हालचाल हालचाल म्हणून ऐकू येणे थांबते आणि नवे उपस्वर ऐकू येऊ लागतात. एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीचा, म्हणजे एका ऑसिलेटरने दुसऱ्याची उंची वेगाने हलवण्याचा, पाया नेमका हा आहे. संगीतकार जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात 1967 मध्ये ती गवसली, कंपाचा वेग आणि खोली वाढवून पाहताना. एका ऑसिलेटरने दुसऱ्याला 1 : 1.4 अशा, पूर्णांकात न बसणाऱ्या प्रमाणात हलवले की घंटेसारखा धातूचा नाद येतो. सॉ तरंग फिल्टरने कितीही कापला तरी असा नाद मिळणार नाही, कारण घंटेचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात. हे प्रकरण तुम्ही पुढच्या टप्प्यासाठी ठेवा.

आता सरावाचे. सातपैकी सहा सिंथेसायझर काही महिने विसरा. उरलेल्या एकात कोरा पॅच उघडा. मेनूमध्ये त्याला बहुधा 'इनिट' म्हणतात. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), कोरस (आवाज दाट भासवणारा) हे इफेक्ट बंद करा, कारण रिव्हर्ब लावलेला कोणताही आवाज बरा वाटतो आणि तुमच्या चुका त्यात लपतात. हेडफोन वापरा, लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरांतून 50-60 हर्ट्झचे काही ऐकूच येत नाही, त्यामुळे खालच्या भागात केलेला बदल झाला की नाही हेही कळत नाही. मग एका बैठकीला एकच नॉब घ्या, तो फिरवण्यापूर्वी काय होईल याचा अंदाज कागदावर लिहा, आणि नंतर फिरवा. अंदाज चुकला तिथेच थांबून कारण शोधा. व्हिडिओ पाहताना सगळे समजते ते यामुळे की तिथे अंदाज करणारा दुसरा कोणी असतो. तुम्ही फक्त त्याला दुजोरा देत असता. वीस मिनिटांची अशी बैठक मला तीन तासांच्या चाळवाचाळवीपेक्षा मोलाची वाटते. एक सावधगिरी बाळगा : दोन आवाजांची तुलना करताना त्यांची पातळी सारखी करून घ्या, कारण मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो आणि रेझोनन्स वाढवून आपण आवाज सुधारला की नुसता वाढवला हे कळेनासे होते.

थोडा हात बसला की नकला करा. वाऱ्यासाठी ऑसिलेटर नको, पांढरा नॉइज, म्हणजे सगळी कंपने मिसळलेली खरखर, घ्या, तो बँड-पास फिल्टरमधून सोडा आणि कटऑफ अतिशय संथ, अनियमित हलवा. मोठ्या ढोलासारख्या ठोक्यासाठी साइन तरंग 250 हर्ट्झवरून 50 हर्ट्झवर साधारण 50 मिलिसेकंदांत उतरवा. ही घसरगुंडी स्वर म्हणून ऐकू येत नाही, ठोका म्हणून ऐकू येते. बासरीसाठी त्रिकोणी तरंग, त्यात फुंकरीपुरता नॉइज, 70-80 मिलिसेकंदांचा अटॅक आणि अर्ध्या सेकंदानंतर येणारा कंप एवढे जमवा. तुमची बासरी खरी वाटणार नाही, वाटायला हवी असेही नाही. खऱ्या बासरीत अजून काय घडते जे माझ्या पॅचमध्ये नाही, हा प्रश्न पडला की सराव सत्कारणी लागला.

प्रीसेट वापरणे लबाडी आहे का, याचे उत्तर देताना थोडा इतिहास आठवतो. पॅच हा शब्दच मुळी केबलींमधून आला. 1964 च्या सुमारास अमेरिकी अभियंते रॉबर्ट मूग यांनी बनवलेल्या यंत्रांत प्रत्येक भाग वेगळा होता आणि आवाज म्हणजे त्या भागांमधल्या केबलींची जोडणी. 1970 च्या मिनीमूग या त्यांच्या छोट्या सिंथेसायझरमध्ये केबली गेल्या, तरी आवाज जतन करण्याची सोय नव्हती. वादक नॉबच्या जागा कागदावर खुणा करून ठेवत. 1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथेसायझरने पाच स्वर एकत्र वाजवण्याबरोबर आवाज साठवण्याची सोय व्यवहारात आणली. त्यानंतर 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स7 हा एफएम सिंथेसायझर आला. सहा ऑपरेटर (एकमेकांना हलवणारे ऑसिलेटर), त्यांच्या 32 जोडण्या, आणि ते सगळे हाताळायला जवळजवळ एकच स्लायडर आणि बटणांची रांग. बहुतेक वादकांनी त्याचे कारखान्यातून आलेले आवाजच वापरले आणि त्यांवर उत्तम संगीतही केले. तेव्हा लबाडी मुळीच नाही. फक्त तुमच्या मनातला आवाज कोणाच्याही प्रीसेटमध्ये नाही, ही तुमची अडचण प्रीसेटने सुटणारी नाही, एवढेच. उलट प्रीसेटांचा अभ्यासासाठी फार छान उपयोग होतो : आवडलेला एक उघडा, इफेक्ट बंद करा, मॉड्युलेशनच्या, म्हणजे एलएफओ आणि एन्व्हलपच्या, जोडण्या एकेक करून काढा, ऑसिलेटर एकेक करून मुके करा, आणि प्रत्येक पायरीला काय गेले ते ऐका. नंतर तो बंद करून कोऱ्या पॅचवर आठवणीने बांधा.

प्रत्यक्ष वाद्य इतक्यात घेऊ नका. एक नॉब एकच काम करतो अशा वाद्यावर हाताला जागा लक्षात राहतात, हे खरे आहे आणि ते सुख सॉफ्टवेअरमध्ये नाही. पण आज तुमची अडचण हाताची नाही, कानाची आहे. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन्ही सॉफ्टवेअर सिंथेसायझर मोफत मिळतात. व्हायटलमध्ये तरंगाचा आकार, फिल्टरचा वक्र आणि एन्व्हलपचा प्रवास पडद्यावर हलताना दिसतो, म्हणून सुरुवातीला मी तोच सुचवेन, मात्र अधूनमधून डोळे मिटून. त्यात तीन ऑसिलेटर आहेत. पहिला महिनाभर एकच चालू ठेवा. केबली जोडून शिकायची हौस असेल तर व्हीसीव्ही रॅक आहे, आणि पुढे एफएमकडे वळाल तेव्हा डीएक्स7 च्या धर्तीवरचा डेक्सेड आहे. गणित म्हणाल, तर दुप्पट म्हणजे एक सप्तक, आणि पटीत असलेले उपस्वर एकजीव होतात तर पटीत नसलेले धातूसारखे वाजतात, एवढे कळणाऱ्याला बाकीचे लागेल तसे शिकता येते.

तुमच्या आवाजाकडे येऊ. जाडीसाठी दोन सॉ ऑसिलेटर घ्या, महिनाभराचा नियम या एका पॅचपुरता मोडा, आणि त्यांच्यात साधारण 8 सेंटचे अंतर ठेवा. एक सप्तक म्हणजे 1200 सेंट. 220 हर्ट्झच्या स्वरावर या अंतरामुळे एक ऑसिलेटर सुमारे 221 वर वाजेल आणि सेकंदाला एक अशी संथ लाट ऐकू येईल. वरच्या सप्तकात हीच लाट दुप्पट वेगाने येते, म्हणून हा पॅच खालच्या स्वरांवर वाजवा. बंद दार म्हणजे लो-पास फिल्टरच : दार आणि भिंत उंच कंपने अडवतात आणि खालची जाऊ देतात. 24 डेसिबेलचा उतार घ्या, कटऑफ 200 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि त्याला जोडलेल्या एन्व्हलपचा अटॅक चार सेकंदांचा करा. ॲम्प्लिफायरचा अटॅक मात्र 300 मिलिसेकंदांहून अधिक ठेवू नका, कारण आवाज ऐकू येण्याआधीच दार उघडून झाले तर उघडण्याची गंमत कोणाला कळणारच नाही. रिलीज दोन सेकंदांचा ठेवा.

राहिली शेवटची थरथर. 'शेवटी' म्हणजे केव्हा, हे तुमच्या पत्रात स्पष्ट नाही. बोट कीवर असतानाच ती हवी असेल, तर सहा हर्ट्झचा एलएफओ स्वराच्या उंचीला अगदी थोडा जोडा आणि त्याचा डिले, म्हणजे सुरू होण्याआधीचा थांबा, चार सेकंदांचा करा. दार उघडून झाल्यावर कंप सुरू होईल. बोट उचलल्यानंतर, आवाज विरत असताना ती हवी असेल, तर एलएफओ ॲम्प्लिफायरला जोडा आणि त्याची खोली एका एन्व्हलपने उलट्या बाजूने चालवा, म्हणजे पातळी जितकी खाली येईल तितकी थरथर वाढेल. यासाठी ॲम्प्लिफायरचाच एन्व्हलप वापरलात तर सुरुवातीच्या 300 मिलिसेकंदांतही थरथर ऐकू येईल, कारण तेव्हाही पातळी खालीच असते. म्हणून या कामाला शून्य अटॅक, पूर्ण सस्टेन आणि दोन सेकंदांचा रिलीज असलेला तिसरा, वेगळा एन्व्हलप द्या.